कोऱ्या काकूची पसंती

ज्या सकाळी घरातलं कुणी काकूला काम सांगत नसे, ती सकाळ परीक्षेची. एरवी उठल्यापासून "सूनबाई, चहा", "वहिनी, डिंकाची बाटली पाहिलीत का", "अगं, माझा चष्मा" असा चारी बाजूंनी मारा. आज मात्र सगळे कसे गोड. नवऱ्यानं स्वतःचा चष्मा स्वतः शोधला, आणि तो सापडला नाही तरी चकार शब्द काढला नाही. धाकट्या जावेनं न सांगता भांडी घासली. सासूबाईंनी तर "झोप नीट लागली ना गं?" असंसुद्धा विचारलं. सासूबाईंनी कुणाच्या झोपेची चौकशी करावी, म्हणजे आज कुणाचं तरी काही खरं नाही.

काकू या घराची थोरली सून. पण ती काही तिची खरी ओळख नव्हे. ती कोरी होती, ही तिची खरी ओळख. पुतणी तिला लहानपणापासून कोरी काकूच म्हणायची, आणि दुकानदारांपासून कागदवाल्यापर्यंत तेच नाव पसरलं होतं.

हे घर चालायचं खवल्यावर. खवल्या म्हणजे चित्रकथेतला वीर. खवले मांजरासारखे अंगभर खवले, आणि संकट आलं की गडी चेंडूसारखा गोल होऊन गडगडत निघतो. कैलासवासी सासऱ्यांनी त्याला जन्माला घातला. धाकटा दीर आता त्याची चित्रं काढायचा, धाकटी जाऊ रंग भरायची, सासूबाई बोलण्याच्या फुग्यांत अक्षरं लिहायच्या, आणि काकूचा नवरा तळघरात छापायचा. आयुष्यभर "धडाम" आणि "खळ्ळ" लिहून लिहून आपले कान गेले असं सासूबाई सांगत. डॉक्टर वेगळं सांगायचे, पण डॉक्टरांचं ऐकू येतंय कुणाला.

तर दर वर्षी खवल्याचा एक फुकट अंक निघे. बारीकसा, चार-सहा पानांचा. दुकानात ठेवायचा. ज्यानं खवल्या कधी पाहिला नाही त्यानं तो उचलावा, वाचावा, आणि पुढचा अंक विकत घ्यायला यावं, एवढाच त्यातला मतलब. आता नव्या माणसाला तो आवडेल की नाही हे आधी कळणार कसं? घरातल्या प्रत्येकाला खवल्याची सात पिढ्यांची हकिकत तोंडपाठ. म्हणून सासरे नव्या माणसाच्या शोधात असत. मोठ्या मुलाच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यांनी मुलीला एकच प्रश्न विचारला, "खवल्या वाचलायस?" मुलगी म्हणाली, "कोण?" म्हातारा खुर्चीतून उठून नाचायचाच बाकी राहिला. स्वयंपाक, शिवण, शिक्षण, कशाचीच चौकशी न होता लग्न तिथंच ठरलं.

तेव्हापासून काकूला कोरी ठेवण्याचं काम साऱ्या घरानं अंगावर घेतलं. चित्रांच्या खोलीत शिरण्यापूर्वी तिनं खाकरायचं, मग आत सगळे पटापट पानं पालथी घालत आणि दोरीवर वाळत घातलेल्या चित्रांवर चादर पडे. जेवताना खवल्याचा विषय निघाला की सासरे टेबलावर चमचा आपटत. नवऱ्याला झोपेत बडबडायची खोड. एका रात्री तो "पूल पाडू नका, खाली तोच आहे" असं स्पष्ट बोलला, तर सकाळी घरात सभा भरली आणि काकूला कानात घालायला कापूस मिळाला. जुने अंक होते कोपऱ्यातल्या कपाटात. त्या कपाटाला कुलूप कधीच नव्हतं, कारण काकूवर विश्वास होता. आणि खरं सांगायचं तर काकूला ते उघडावंसं कधी वाटलंही नव्हतं. वर्षातून एकदा फुकट अंक वाचायचा, "छान आहे" म्हणायचं, की झालं. बाकी वर्षभर तिला आपली कामं काय कमी होती?

यंदा मात्र फुकट अंक दोन होते, आणि काकूला आवडेल तो एकच दुकानात लागणार होता. एक नेहमीप्रमाणे दिराचा. दुसरा त्याच्या मुलीचा, मुंगीचा. पाळण्यात असल्यापासून भेटेल त्याला चावायची म्हणून मुंगी. आईबापांचे हात सदा रंगात बुडालेले, त्यामुळे तिचं खाणंपिणं, वेणीफणी, तापसर्दी सगळं काकूनं केलं. काकूला स्वतःचं मूल नव्हतं. पण ते तिला कुणी विचारलं तरच आठवायचं, इतकी मुंगी तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

तीच मुंगी, काकू घासलेली भांडी पुसत असताना, स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकू, तुला एक आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या एका प्रकाशनानं मला बोलावलंय. लांब आहे, तिथंच राहायला लागेल. परवा कळवायचंय."

काकूच्या हातातलं फडकं थांबलं. "आणि तू काय कळवणार?"

"माझा अंक लागला तर नाही म्हणेन. नाही लागला तर जाईन. बाबा मला गेली चार वर्षं चौकटींच्या रेघाच मारायला देतायत."

"मग लावतेच ना मी तुझा अंक. त्यात काय एवढं."

"तेच नकोय मला," मुंगी म्हणाली. "माझ्यावरच्या मायेनं लावलेला नको. जे वाटेल तेच सांगायचं. कोरी म्हणून. शप्पथ घे."

काकूनं शपथ घेतली आणि घेतल्या घेतल्या तिला पस्तावा झाला. आता आली ना पंचाईत. पोरगी राहायला हवी, त्यासाठी अंक आवडायला हवा, आणि आवडणं काही आपल्या हातात नसतं.

मुंगी गेली तशी धाकटी जाऊ आली. "वहिनी, मी काही सांगायला आले नाही हं."

"बरं."

"एकीकडे नवरा, एकीकडे पोटची पोर. मी आपली कुणाच्याच बाजूची नाही. दोन्ही अंक मीच रंगवलेत. फक्त एवढंच की ह्यांचा अंक पडला तर हे पुन्हा गच्चीत जाऊन बसतील. मागे बसले होते, तर अंथरूणसुद्धा वर न्यावं लागलं होतं. तेव्हा त्यांचाच लागलेला बरा." ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "पण पोरगी गेली तर घर खायला उठेल हो. तेव्हा तिचाच लागू दे. मी काही म्हटलेलं नाही."

ती जाते न जाते तोच नवरा डोकावला. "हे बघ, भाऊ तो भाऊ. वडिलांच्या मागे त्यानंच खवल्या सांभाळला. मी त्याच्याच बाजूचा आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "पण खवल्याच्या त्या स्वेटरची वीण छापताना मशीन फार अडतं गं. मुंगीच्या अंकात स्वेटर नाही म्हणतात."

आणि शेवटी दीर आला, पाणी प्यायला. पेला भरला, हातात धरून उभा राहिला, पाणी काही प्यायला नाही.

"वहिनी, यंदा स्वेटरला खिसे दिलेत."

"हो का?"

"मागच्या वर्षी तुम्ही म्हणाला होतात ना, बिचाऱ्यानं हात कुठे ठेवायचे म्हणून. तेव्हापासून डोक्यात होतं माझ्या." त्यानं पेला तसाच ओट्यावर ठेवला. "तुम्ही मोकळेपणी सांगा. माझं काही नाही."

माझं काही नाही असं जो म्हणतो त्याचंच सगळं असतं, हे काय काकूला कळत नव्हतं?

चित्रांच्या खोलीत परीक्षेची मांडामांड झाली होती. मोठ्या टेबलावरच्या शाया, कुंचले, पट्ट्या बाजूला सारून मधोमध काकूची खुर्ची, खिडकीकडे पाठ करून. परीक्षेच्या वेळी बोलायचं नाही, खोकायचं नाही, आणि प्रत्येकानं काकूच्या अंगाचा एकेक भाग सांभाळायचा, ही सासऱ्यांची पद्धत. गोष्ट पकडते तेव्हा माणसाच्या पायाची बोटं आवळतात असा सासूबाईंचा अनुभव, म्हणून त्या समोर बसून पायाकडे पाहत. जावेकडे भुवया. नवऱ्याकडे अंगठा, म्हणजे पान उलटताना ती तो ओला करते की विसरते. दीर कशाकडेच बघायचा नाही. तो आपला कोपऱ्यात उभा राहून पेन्सिलीला टोक काढायचा. एवढी माणसं एवढ्या बारकाईनं पाहत असताना बिचारी काकू वाचायची कशी, हे तिचं तिलाच ठाऊक.

पहिला अंक दिराचा. पहिल्याच पानावर खवल्या हसत उभा, अंगात हिरवा स्वेटर. "नमस्कार. मी खवल्या. हे माझे मित्र. हे माझं घर." दारात पाय पुसून तो आत येतो. इतक्यात एक चोर खिडकीतून शिरतो, पण चोरही आधी पाय पुसतो. थोडी झटापट होते, कुणाला काही लागत नाही. चोराची आई आजारी असते, औषधासाठी चोरी केलेली असते, तो माफी मागतो, सगळे मिळून चहा पितात. शेवटच्या पानावर खवल्या झाडू घेऊन फुटलेल्या काचा गोळा करतोय.

काकूच्या चेहऱ्यावर हसू होतं. तिनं प्रत्येक पानाला अंगठा ओला केला आणि अंक मिटून मांडीवर ठेवला.

"छान आहे," ती म्हणाली. "खिसे शोभतात त्याला."

कोपऱ्यात पेन्सिलीचं टोक मोडल्याचा आवाज आला. दिराचा आनंद असाच बाहेर पडायचा.

मग मुंगीनं आपला अंक पुढे केला.

पहिल्या पानावर नमस्कार नव्हता. काच फुटत होती आणि काचेतून एक खवल्यांचा गोळा बाहेर येत होता. अंगावर स्वेटर नाही. गल्लीतल्या साऱ्या घरांना बाहेरून कुलपं, खिडक्याखिडक्यांतून माणसांचे घाबरलेले चेहरे. आणि रस्त्याच्या मधोमध एक जाडशी, नीटनेटकी बाई. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, बोलणं साखरेचं. तिचं नाव चावीवाली. कोण, कुठली, काहीच सांगितलेलं नाही. खवल्या तिच्यावर झेपावतो, ती फक्त बाजूला होते, आणि तो जातो तो थेट उघड्या लोखंडी पेटीत. ती झाकण लावते. किल्ली फिरवते. पेटीवर ठाण मांडून बसते, चपला काढते, खवल्याचा खाली पडलेला डबा उघडते आणि जेवू लागते. आतून ठकठक येते. ती बोटं चाटत म्हणते, "हळू. मला जेवताना आवाज चालत नाही." आणि अंक संपतो.

काकूनं पान उलटलं. मागे पुठ्ठा होता. तिनं पुन्हा उलटलं, तरी पुठ्ठाच.

सासूबाई काकूच्या पायांकडे एवढ्या वाकून बघत होत्या की खुर्चीतून पडायच्याच. जावेनं तोंडावर हात ठेवला होता. काकू मात्र लालबुंद झाली होती.

"मला नाही आवडलं," ती म्हणाली. तिनं मुंगीकडे पाहिलं, पण शपथ ती शपथ. "अजिबात आवडलं नाही. कसली मेली ती बाई. त्याचं जेवण खाल्लं तिनं. वाचवत नाही."

मुंगीनं अंक परत घेतला आणि नीट सरळ केला.

"ठीक आहे. खरं बोललीस, बरं झालं," ती म्हणाली. "पण जाता जाता मी एक सांगते. बाबा, फुकट अंक वाचून किती नवे लोक येतात विचारलंत कधी दुकानदाराला? मी विचारलं. एक गृहस्थ आले होते म्हणाला. फुकट अंक त्यांना फार आवडला. मग त्यांनी विकतचा नेला आणि तासाभरात परत आणून दिला. म्हणाले, ह्यात तर तो दात विचकून माणसांना चावतोय. आमचा तो झाडू मारणारा सज्जन माणूस कुठाय?"

नवऱ्याला हसू फुटलं. सासूबाईंनी डोळे वटारल्यावर त्यानं ते खोकल्यात घातलं.

"आणि ज्यांना चावणारा खवल्या आवडेल," मुंगी पुढे म्हणाली, "ते स्वेटर बघूनच अंक खाली ठेवतात. हा फुकट अंक लोकांसाठी निघतच नाही. काकू म्हणाली, त्याला थंडी नाही का वाजत, तर स्वेटर आला. काकू म्हणाली, एवढ्या काचा कोण उचलणार, तर झाडू आला. काकू म्हणाली, किती चिखल आणतात घरात, तर चोरसुद्धा पाय पुसायला लागले. वीस वर्षं आपण एकाच वाचकासाठी जाहिरात करतोय. आणि त्या एकीला आपण विकतचा अंक वाचू देत नाही."

काकूला हे सगळं नवंच होतं. "म्हणजे माझ्यामुळे झालं हे?"

"तुझ्यामुळे नाही गं," नवरा म्हणाला. "तुझ्यासाठी."

दिराच्या हातातली पेन्सिल आता एवढीशी उरली होती, तरी तो टोक काढतच होता.

सासूबाईंनी काठी आपटली. "पुरे. घरात पद्धत एकच. कोरीला आवडला तो अंक. धाकट्याचा लागला. मुंगे, तुझी बोटं आवळली होती हे खरं, पण आवडलं नाही म्हणाली ती."

"माझी नाही आजी, काकूची."

"तेच ते."

मुंगी बॅग भरायला निघून गेली. जाऊ तिच्या मागे जायला निघाली, मग नवऱ्याकडे वळली, मग दोघांच्या मधे उभी राहून रडू लागली. काकूचा नवरा भावाच्या खांद्यावर हात ठेवायला गेला तर भाऊ गच्चीचं दार चाचपत होता. काकूनं एवढंच पाहिलं आणि ती मुंगीच्या खोलीत गेली.

मुंगी कपडे कोंबत होती. काकूनं ते बाहेर काढले आणि घड्या घालून परत भरायला लागली. जाणार तर जाणार, पण चुरगळलेल्या कपड्यांनी कशाला? तिला रडू येत होतं. आपल्याच तोंडानं आपण पोरीला घालवली. एक "छान आहे" म्हणायला काय जात होतं? वीस वर्षं म्हणतच होतो की. एक घडी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या घडीला ती थांबली.

"मुंगे, तिनं सगळा डबा खाल्ला?"

"कुणी?"

"त्या बाईनं."

"हो, बहुतेक."

काकूनं सदऱ्याची बाही आत दुमडली. "सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं ना त्यानं. पळतच होता." आणखी एक सदरा. "लोखंडी पेटीत हवा किती असते गं?"

मुंगीनं हातातले मोजे खाली ठेवले. "का?"

"का म्हणजे? झाकण घट्ट बसलंय. आणि लोक बघतायत खिडकीतून, पण त्यांनाच कुलपं. मग येणार कोण? तो वरच्या मजल्यावरचा शिंपी तेवढा दिसला नाही मला खिडकीत. तो आत कोंडलाय की सुटलाय?"

मुंगी पलंगावर बसली. शिंप्याची पाटी लावलेली ती खिडकी तिनं तिसऱ्या पानावर नखाएवढी काढली होती, मुद्दाम रिकामी. ती तिच्या आईच्याही लक्षात आली नव्हती, आणि आईनं ती खिडकी स्वतः रंगवली होती.

"काकू, बाबांच्या अंकातल्या चोराच्या आईचं काय झालं?"

"कुठली आई?"

"चोराची. आजारी होती ती."

"असेल," काकू म्हणाली. "बरी झाली असेल. तू आधी शिंप्याचं सांग."

मुंगीनं काकूचा हात धरला आणि तिला ओढतच चित्रांच्या खोलीत नेलं. काकू सवयीनं दारात खाकरली, तर सगळ्यांनी सवयीनं पानं पालथी घातली.

"आजी, ऐका," मुंगी म्हणाली. "काकू, ह्यांना विचार, काय विचारत होतीस ते."

काकू संकोचली. पण विषयच असा होता की संकोच फार टिकला नाही. "आई, ती बाई पेटीवर बसून राहिलीय. पुढे काय होतं?"

"आवडलं नाही म्हणालीस ना तू?" सासूबाईंनी विचारलं.

"नाहीच आवडलं. संताप झालाय माझा. पण पुढचं पान कुठाय?"

"फुकट अंकाला पुढचं पान नसतं. पुढचं विकत घ्यायचं असतं."

"मग घेते. कुठे मिळेल?"

इतक्या वर्षांत कोरीनं "पुढे काय" असं कधी विचारलं नव्हतं. आणि तिनं ते कधी विचारलं नाही, हे आजवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. प्रत्येक वर्षी "छान आहे" ऐकून सगळे खुशीत जेवायला बसायचे.

"पुढचं अजून काढलेलं नाही काकू," मुंगी म्हणाली. "माझ्या डोक्यात आहे."

"डोक्यात आहे आणि बॅग भरतेस? त्याला पेटीत टाकून?" काकूचा आवाज चढला. "आधी त्याला बाहेर काढायचं, मग कुठं जायचं तिथं जा. आणि ही बाई आहे कोण? हिचं त्याच्याशी एवढं वैर कशासाठी?"

"ते जुन्या अंकांत आहे. बाबांनी काढलंय."

काकू दिराकडे वळली. त्यानं गच्चीच्या दाराच्या कडीवरचा हात काढला.

"ही चावीवाली तुमची, भाऊजी?"

"हो," तो म्हणाला. "मी काढायला लागलो तेव्हाची, अगदी सुरुवातीची. तिच्यावर दोन पावसाळे घालवले होते मी."

"एवढी दुष्ट?"

"ह्याच्याहून दुष्ट होती," दीर म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "मुंगीनं बरीच सौम्य केलीय."

"आणि मला वीस वर्षं तुम्ही खवल्या काचा झाडताना दाखवलात."

वहिनीला जे रुचेल तेच दिरानं काढलं होतं, मन लावून काढलं होतं, दर वर्षी. बाकीचे अंक काढायचे, छापायचे, गठ्ठे बांधायचे. ते वाचून कोण कुठले लोक पत्रं पाठवायचे. पण जिच्या हातचं दोन वेळ जेवायचं, जिच्या मताची एवढी धास्ती, तिनं आपलं खरं काम कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, याचं त्याला किती वाईट वाटत होतं ते त्याला आत्ता, या क्षणी कळलं. सगळ्यांच्या देखत त्याचे डोळे भरून आले.

"आई," तो म्हणाला, "फुकट अंक मुंगीचाच जाऊ दे."

"आणि तू?"

"मी चौकटींच्या रेघा मारीन. माझा हात अजून सरळ चालतो."

जावेनं एका हातानं नवऱ्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं मुलीला, आणि आज पहिल्यांदा तिला कुणाच्याच मधे उभं राहावं लागलं नाही. काकूचा नवरा म्हणाला, "मी सकाळपासून हेच म्हणत होतो." कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

काकू मात्र कोपऱ्यातल्या कपाटासमोर जाऊन उभी राहिली होती.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "नीट विचार कर, सूनबाई. एक अंक उघडलास की संपलं. मग तू कोरी नाहीस. परत कोरं होता येत नाही कुणाला."

काकूला भीती वाटली, अगदी खरी. कोरी नाही तर मग ती कोण? चहा, चष्मा आणि डिंकाची बाटली. वर्षातली ती एक सकाळ तिची होती, सारं घर तिच्या भुवईकडे बघत असायचं. ती जाणार. पण पेटीवर बसून ती बाई बोटं चाटत होती, आणि काकूला ते सहन होत नव्हतं.

"नको राहायला कोरी, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी काठी बाजूला ठेवली. "मग पुढच्या वर्षी कोरं माणूस आणायचं कुठून?"

सगळ्यांनी विचार केला. आणि मग हळूहळू एकेकाची मान मुंगीकडे वळली.

"मुलगा खवल्या न वाचलेला हवा," नवरा म्हणाला. "बाकी काही अट नाही."

"मी चाललेच बॅग भरायला," मुंगी म्हणाली. पण गेली ती आपल्या टेबलाशी, आणि कोरा कागद ओढून तिनं त्यावर लोखंडी पेटी काढायला घेतली.

कपाट दिरानंच उघडलं. खालच्या फळीवरून त्यानं आपल्या अंकांचा अगदी पहिला गठ्ठा काढला, सुतळी सोडली, वरचा अंक सदऱ्यानं पुसला आणि दोन्ही हातांनी वहिनीला दिला. काकू खिडकीजवळ सरकून बसली. दीर समोर स्टूल घेऊन बसला. त्यानं पेन्सिल घेतली, पण टोक काढायला तिच्यात काही उरलं नव्हतं, म्हणून ती नुसतीच बोटांत फिरवत तो तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्या पानावर काकूनं अंक नाकापाशी नेला.

त्याला राहवेना. "कसं वाटतंय, वहिनी?"

काकूनं मान वर केली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "मधे मधे बोलू नका."